झेल्मा गळ टाकायला शिकली

झेल्मा स्टिडमकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते बर्ल हॅडवेच्या तळ्याच्या बांधावर. मे महिना, दुपारचे तीन, आणि ही बाई ट्रकच्या दोन्ही काचा वर करून आत बसलेली. आमच्या अलाबामात मे महिन्यात बंद ट्रकमध्ये बसणं म्हणजे भट्टीत बसणं. तरी ती बसली होती, तळ्याकडे पाठ करून, मांडीवर चिंध्यांचा ढीग घेऊन गोधडी शिवत. तिचा नवरा हॉलिस खाली पाण्याच्या कडेला गळाची काठी धरून उभा होता.

मी काचेवर टकटक केलं. "मिस झेल्मा, गुदमराल. काच जरा खाली घ्या."

तिने बोटभर फट केली. "साप येतो."

"खिडकीतून?"

"साप कुठूनही येतो, मास्तर. तुमच्या भूगोलात नसेल." आणि काच पुन्हा वर गेली.

त्याआधी अकरा वर्षं ती आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात होती. रोज दुपारी माझ्या ताटात मक्याच्या पावाचा चौकोन ठेवणारा हात तिचाच. पण ताट धरून रांगेत उभा असलेला माणूस हाताकडे बघतो, चेहऱ्याकडे नाही. त्या वर्षी मी निवृत्त झालो आणि शनिवारी तळ्यावर जायला लागलो, तेव्हा कुठे मला तिचा चेहरा दिसला. रुंद, उन्हाने तांबूस झालेला, दोन भुवयांमध्ये एक उभी आठी. रागाची नाही, मोजमाप करणाऱ्या माणसाची.

हॉलिस मोज्यांच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचा. कमी बोलणारा माणूस. गिरणीच्या खडखडाटात चाळीस वर्षं काढल्यावर त्याला शांतताच आवडायची, आणि ती त्याला तळ्यावर मिळायची. झेल्माला तळं आवडायचं नाही. चिखल, वास, साप. ती यायची ती एवढ्याचसाठी की परतताना आठवड्याचं वाणसामान घ्यायचं असे आणि एकट्या हॉलिसला तळ्यावर सोडलं तर तो दुकान बंद होईपर्यंत हलला नसता. ठीक चार वाजता ती हॉर्न वाजवायची. हॉलिस दोरा गुंडाळायचा, आमच्याकडे बघून खांदे उडवायचा आणि जायचा. बर्ल दर वेळी म्हणायचा, "जा बाबा, भोंगा झाला. पाळी संपली तुझी."

अशी सहा वर्षं गेली. मग एका नोव्हेंबरात हॉलिसला झटका आला. उजवी बाजू गेली, आणि वाचाही गेली.

मार्चमध्ये एका सकाळी झेल्मा माझ्या दारात उभी राहिली. हातात हॉलिसची काठी, आणि काठीच्या रिळावर दोऱ्याचा असा गुंता की चिमणीने घरटं बांधावं.

"मास्तर, हे सुटत नाही."

"कुणी केलं?"

"मी. काल अंगणात टाकून बघत होते. पहिल्या फेकीत हे झालं." ती पायरीवर बसली. "मला शिकवा."

मला वाटलं, ती थट्टा करतेय. "आणि साप?"

"असू देत साप." तिने गुंत्याकडे बघत सगळं सांगितलं, एका दमात, जणू घरून पाठ करून आली होती. हॉलिस दिवसभर भिंतीकडे बघतो. मुलीने टीव्ही पाठवला, त्याकडे बघत नाही. व्यायाम घेणारी बाई हातात चेंडू देते, तो टाकून देतो. "परवा बर्ल आला होता. तळ्यात पाणी किती चढलंय, कडेचं झाड कसं पडलं, हेच सांगत बसला. मास्तर, हॉलिसने मान वळवली आणि पाव तास बर्लच्या तोंडाकडे बघत राहिला. पाव तास! माझ्याकडे त्याने नोव्हेंबरपासून बघितलेलं नाही. मी त्याला भरवते, पुसते, कूस बदलते, आणि तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघतो. त्याला आवडणारी एकच गोष्ट उरलीय आता, आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. चाळीस वर्षं मी तिकडे पाठ करून बसले."

"मग काय करायचं म्हणता?"

"मासा धरायचा आणि त्याच्यासमोर नेऊन ठेवायचा. त्याने एकदा माझ्याकडे वळून बघितलं की झालं."

शिकवणी त्याच आठवड्यात सुरू झाली. हॉलिसचं रीळ सरावलेल्या हाताचं होतं. मी तिला बटण दाबून दोरा सोडायचं साधं रीळ दिलं. तिने ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"हे पोरांचं आहे."

"शिकाऊंचं आहे."

"तेच म्हणते मी."

हॉलिसचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून, पुढे कुदळीने गवत झोडपत ती बांधावरून चालत यायची. पहिली फेक काठावरच्या विलो झाडाच्या फांदीत गेली. दुसरी तिच्याच टोपीत अडकली. तिसरी मागे चरणाऱ्या गाईच्या शेपटीपाशी पडली, आणि कुंपणावर कोपर टेकून बघत असलेला बर्ल ओरडला, "झेल्मा, गाय लागली तर आधी मोज हं! चौदा इंचांच्या वर असेल तर सोडून दे!"

"तुझी गाय तुझ्यासारखीच आहे, बर्ल. गळाला लागली तरी कुणी घरी नेणार नाही."

बर्लच्या त्या थट्टेला काही अर्थ होता, तो मी इथे सांगायला हवा, कारण तिला तो तेव्हा कळला नाही. बास म्हणजे हिरवट, मोठ्या तोंडाचा, खादाड मासा. छोट्या तळ्यात त्यांची गर्दी झाली की सगळेच उपाशी राहतात आणि खुजे होतात. म्हणून आमच्याकडे तळ्याच्या मालकाचा नियम असतो: चौदा इंचांखालचे घरी न्यायचे, तळायचे, वाटून टाकायचे, वरचे पाण्यात सोडायचे. मोठी मादी तर सोडायचीच. तळं तिच्यावर चालतं. हे इथे कुणी लिहून ठेवत नाही. बापाकडून, काकाकडून, काठी हातात येते त्याच दिवशी माणूस हे शिकतो. बाहेरून बघणाऱ्याला मात्र वाटतं की लहान सोडायचे आणि मोठा न्यायचा, कारण जगात बाकी सगळीकडे तसंच असतं.

झेल्मा हुशार विद्यार्थिनी होती. गळाचं टोक जांभळ्या रबरी गांडुळाच्या पोटात कसं लपवायचं, हे तिला एकदाच दाखवावं लागलं. आयुष्यभर सुई धरलेली बोटं ती. टाकायचं, बुडू द्यायचं, थांबायचं, ढील गुंडाळायची, मग झटका. "थांबायचं" हा भाग पुरुषांना जमत नाही. तिला जमला. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "लागलेलं न्यायचं की सोडायचं?"

"लहान सगळे न्या," मी म्हटलं. "बर्लच्या तळ्यात लहानांची गर्दी झालीय. एक फुटाचा, तेरा इंचांचा, सगळे न्या. त्याच्यावर उपकारच होतील."

"आणि मोठा लागला तर?"

मी हसलो. "आधी लागू दे तर, मिस झेल्मा."

बर्लही हसला. तीही हसली आणि पाण्याकडे वळली.

उत्तर एका वाक्याचं होतं. चौतीस वर्षं मी सातवीला भूगोल शिकवला. वर्गात काही पोरं अशी असायची की ती शेवटच्या धड्यापर्यंत पोचणार नाहीत असं मी मनाशी धरून चालायचो, आणि त्यांनी पुढचं काही विचारलं की असाच हसून विषय बदलायचो. माझं हे हसणं त्या पोरांच्या चांगलंच ओळखीचं असणार. मला ते फार उशिरा ओळखू आलं.

आणि त्या तळ्यात एक मोठी मादी खरोखरच होती. हॉलिसने तिला पाच वर्षांत तीनदा धरलं होतं. पहिल्यांदा ती तीन पौंडांची होती, मग पाचाची, मग साडेसातची. दर वेळी त्याने खिशातली नखं कापायची कात्री काढून तिच्या पाठीवरच्या पंखासारख्या पराचा एक काटा टोकाशी कापला, खूण म्हणून, आणि तिला दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवलं, ती स्वतः जोर करून निसटेपर्यंत. आम्ही दोघं तिन्ही वेळा तिथे होतो. तिसऱ्या वेळी हॉलिस म्हणाला होता, "दहाची झालेली बघायचीय मला." त्या वर्षातलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य असेल ते. हे सगळं मला तेव्हा आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण झेल्माचा गळ तेव्हा विलोच्या फांदीत अडकत होता.

एप्रिलच्या मध्यावर तिला पहिला बास लागला. नऊ इंच. तो तिने गुरांच्या खाण्याच्या बादलीत पाणी घालून जिवंत नेला, बादली दोन पावलांमध्ये धरून, चार मैल ट्रक चालवत. निम्मं पाणी बुटांत गेलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात आली आणि आत न येताच बोलली.

"बादली त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने डावा हात आत घातला. अंगठा बरोबर माशाच्या खालच्या ओठावर. उचलला, मास्तर! मग माझ्याकडे बघितलं."

"किती वेळ?"

"मोजला नाही." ती जायला वळली, पुन्हा थांबली. "बुटांकडे पण बघितलं. त्याचे बूट ना ते."

मे उजाडला तसा हॉलिस तळ्यावर यायला लागला. मी आणि बर्ल त्याला उचलून ट्रकमध्ये बसवायचो, स्टिअरिंगच्या चाकामागे, चालकाच्या जागी, कारण दुसऱ्या बाजूला तो बसायलाच तयार नव्हता. झेल्मा किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. ट्रकचं तोंड पाण्याकडे. झेल्मा दोन गांडुळं वर धरायची, जांभळं आणि काळं, आणि तो हनुवटीने सांगायचा कोणतं. मासा लागला की तो डाव्या हाताने एकदा हॉर्न दाबायचा. बर्ल गुरांना चाऱ्याला हॉर्न वाजवूनच बोलावतो, त्यामुळे झेल्माला मासा लागला की चाळीस गाई बांधावर हजर व्हायच्या.

"तुझा नवरा माझी गुरं पळवून पळवून वाळवणार," बर्ल म्हणायचा.

"मग एक हॉर्न तुझ्या बायकोलाही दे," झेल्मा म्हणायची. "तू पण जेवायला वेळेवर येशील."

आणि ट्रकमध्ये हॉलिसचा चेहरा अर्ध्या बाजूने हसायचा. तो बघायचाही. झेल्मा वाकली की बघायचा, चिखलात घसरली की बघायचा, फेक चुकली की डोळे मिटून घ्यायचा. सहा आठवडे असे गेले. लग्नानंतरची चाळीस वर्षं एकीकडे आणि हे सहा आठवडे एकीकडे, असं तीच एकदा म्हणाली, आणि मग आपण फार बोललो असं वाटून तिने मला लोणच्याची बरणी दिली.

जूनमधल्या एका शनिवारी मी बहिणीच्या वाढदिवसाला गॅड्सडेनला गेलो होतो. त्या दिवशीचं मी तिच्या आणि बर्लच्या तोंडून ऐकलं तेवढंच सांगतो. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता, आभाळ भरलेलं होतं. हॉलिसला ट्रकमध्ये बसवून बर्ल पलीकडच्या शेतात गवताचे बांधलेले गठ्ठे छपराखाली न्यायला गेला. झेल्माने पडलेल्या झाडाशेजारी जांभळं गांडूळ टाकलं.

"दोऱ्याला टकटक काहीच नाही," ती पुढे सांगायची. "नुसतं जड झालं. म्हटलं लाकडात अडकलं. मग लाकूड चालायला लागलं."

ती गुडघाभर पाण्यात उतरली. साप तिच्या डोक्यातही आला नाही. काठी वाकून पाण्याला टेकली. मादीने एकदा उडी घेतली, तोंड फाकवून, आणि त्याच क्षणी हॉर्न सुरू झाला. एकदा नाही. थांबेचना. झेल्माने ती कडेला ओढली, ओठात अंगठा घातला, दोन्ही हातांनी वर उचलली आणि ट्रककडे वळून दाखवली. हॉलिस हॉर्न दाबत होता. मग हॉर्न सोडून काचेवर तळहात आपटायला लागला. पुन्हा हॉर्न. पलीकडच्या शेतातून बर्लने ऐकलं आणि ट्रॅक्टरवरून टोपी हलवली. गाई धावत आल्या. झेल्मा पाण्यात उभी राहून हसत होती, रडत होती, आणि ओरडून सांगत होती, "बघतोस ना, हॉलिस? बघतोस ना?"

मग तिने ती मादी बर्फाच्या पेटीत तिरपी करून बसवली आणि झाकणावर दगड ठेवला.

ती ट्रकपाशी पोचली तोवर हॉर्न बंद झाला होता. हॉलिसने कपाळ काचेला टेकलं होतं आणि त्याचा चेहरा ओला होता. तिने तो आपल्या गळ्यातल्या रुमालाने पुसला. तिला वाटलं, आनंदाचं आहे.

रविवारी चर्चनंतर तिचा मला फोन आला. "मास्तर, लागला!"

"काय लागलं?"

"मोठा! तुम्ही म्हणाला होतात ना, लागू दे तर. पाच वाजता जेवायला या. बर्ललाही सांगितलंय."

"केवढा आहे?"

"या तर खरं."

मी फोन ठेवला आणि मनात म्हटलं, तीन पौंडांचा असेल. तिच्या मानाने मोठाच. तेव्हाही मी तीनच धरले.

टेबलावर परातभर तळलेले तुकडे होते, मक्याच्या पिठात घोळवून सोनेरी केलेले. कोबीची कोशिंबीर, कांदा, साखरेचा गार चहा. झेल्माने चांगला निळा झगा घातला होता. हॉलिसची चाकाची खुर्ची टेबलाच्या टोकाला होती आणि त्याचे डोळे मिटलेले होते. "कालपासून थकलाय," ती म्हणाली. "कालचा दिवसच तसा झाला." मग प्रार्थना म्हटली, आणि त्यात माझं नाव घेतलं.

बर्लने काट्याने एक तुकडा उचलला आणि तसाच धरून ठेवला. तुकडा दोन बोटं जाड होता.

"झेल्मा, हा केवढा होता?"

"शाळेच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलला. नऊ पौंड आणि वर अकरा औंस." तिचा आवाज इतका आनंदी होता की मला तो अजून ऐकू येतो.

बर्लने काटा खाली ठेवला. "डोकं कुठंय?"

"मागे, बादलीत, पाठीच्या सांगाड्यासकट. टोमॅटोच्या मुळाशी पुरायचंय. का? तुला सूप करायचंय की काय?"

बर्ल उठून मागच्या दाराने गेला. परत आला तेव्हा टोपी त्याच्या हातात होती आणि तो बसला नाही. त्याचा चेहरा बघून मला कळलं. झेल्माने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय झालं? खराब होता?"

"पाठीचे तीन काटे कापलेत," बर्ल म्हणाला, तिला नाही, मला.

"हो, साफ करताना माझ्या बोटाला लागले," ती म्हणाली. "म्हटलं कासवाने कुरतडलं असेल." मग तिचा आवाज हळू झाला. "काय झालंय ते मला सांगेल का कुणी?"

बर्लला जमलं नाही. मी सांगितलं. तीन पौंड, पाच, साडेसात, कात्री, पाण्यात धरून ठेवणं, दहाची झालेली बघायचीय हे. ती हात झग्यावर ठेवून ऐकत होती.

"तीन वेळा?"

"तीन वेळा."

"आणि तुम्ही दोघं तिथे होतात."

"होतो."

"मी कुठे होते?"

"ट्रकमध्ये," तिनेच उत्तर दिलं. मग म्हणाली, "तो हॉर्न."

ती उठली, हॉलिसच्या खुर्चीपुढे गुडघे टेकून बसली. "हॉलिस. मला माहीत नव्हतं रे. कुणीच सांगितलं नाही मला. मी विचारलंही नाही." हॉलिसने डोळे उघडले आणि तिच्याकडे बघितलं. चांगला बराच वेळ बघितलं. त्या नजरेत राग असता तर आम्हा सगळ्यांना सोपं गेलं असतं. परक्या मुलखात आपलं बोलणं कुणालाच कळत नाही हे कळून चुकलेला माणूस बघतो, तसा तो बघत होता. मग त्याने मान भिंतीकडे वळवली.

"चूक माझी आहे, मिस झेल्मा," मी म्हटलं. "तुम्ही मला विचारलं होतं."

"हो," ती म्हणाली. "आणि तुम्ही हसलात." तिने हे दोष द्यायला म्हटलं नाही. वर्गात एखादी मुलगी उभी राहून खरं उत्तर देते, तसं म्हटलं.

परातीतलं कुणी काही खाल्लं नाही. तिने ते बर्लच्या कुत्र्यांनाही दिलं नाही. डोक्याशेजारी बागेत पुरलं.

पुढच्या शनिवारी तिने हॉलिसला पुन्हा तळ्यावर आणलं. आम्हाला वाटलं होतं आणणार नाही. तिने जांभळं आणि काळं वर धरलं. त्याने हनुवटीने काळं दाखवलं. तेवढं शेवटपर्यंत चालू राहिलं. त्या दिवशी तिला दोन मासे लागले, अकरा इंच आणि बारा. दोन्ही वेळा तिने ट्रककडे पाहिलं. हॉर्न वाजला नाही. गाई लांब सावलीत बसून राहिल्या. तो उन्हाळा आणि ती शरदातली पानगळ असेच गेले. हॉलिस पाण्याकडे बघायचा, पडलेल्या झाडाकडे बघायचा, आणि झेल्मा बांधावरून चालत आली की नजर तिच्यावरून सरकून पुढे जायची. एकदा बर्लने त्याला स्पष्टच सांगितलं, "अरे, तिने तुझ्यासाठीच केलं ते सगळं. एकदा वाजव ना." हॉलिसने हात मांडीखाली घातला.

त्याला सगळं कळत होतं असं मला वाटतं. तिला शिक्षा करावी असंही त्याच्या मनात नसावं. पण ज्या माणसाकडे सांगायला एवढा एकच हॉर्न होता, आणि जिवाच्या आकांताने वाजवूनही तो कुणाला समजला नाही, तो पुन्हा कशाला वाजवेल?

जानेवारीत दुसरा झटका आला आणि तो गेला. शेवटच्या दिवशी त्याने तिच्याकडे बघितलं का, हे मी तिला कधी विचारलेलं नाही, आणि तिनेही सांगितलेलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी तिने आम्हा दोघांना तळ्यावर बोलावलं. गारठा होता. ती हॉलिसचे बूट घालून आली होती, कुदळ नव्हती.

"ती तीनदा कुठे कुठे लागली ते दाखवा," ती म्हणाली.

पहिली जागा आम्ही दाखवली: बांधाचा कोपरा. तिसरीही ठरलेली होती, विलोच्या झाडाखाली. दुसऱ्या जागेवरून आमचं जुंपलं.

"इथे, या दगडापाशी," मी म्हटलं.

"छट्! मास्तर, तुम्ही तेव्हा टोपी शोधत होतात. नाल्याच्या तोंडाशी होता तो."

"नाल्याला तेव्हा पाणी कुठे होतं?"

"माझा नाला, मला विचारा ना!"

"दोन्ही दाखवा," झेल्मा म्हणाली.

आम्ही दोन्ही दाखवल्या. ती चारही ठिकाणी जाऊन उभी राहिली, प्रत्येक ठिकाणी थोडा वेळ, पाण्याकडे तोंड करून. कुठून कसं टाकलं होतं, कोणत्या हाताने धरलं होतं, पाण्यात किती वेळ ठेवलं होतं, काय म्हणाला होता. सगळं विचारलं. आम्हाला जे आठवलं ते सांगितलं. बरंचसं आठवलं नाही. तेव्हा लक्ष देऊन बघायला हवं होतं असं आमच्याही मनात आलं. पण तेव्हा तो आमच्यासाठी एक शनिवार होता, इतकंच.

नंतर एकदा मी तिची पुन्हा क्षमा मागायला गेलो. ती वाटाणे सोलत होती. "मास्तर," ती म्हणाली, "तुम्ही एक वाक्य सांगितलं नाहीत. मी चाळीस वर्षं विचारलं नाही. आता तुम्ही ती बुट्टी धरा आणि सोला." मी सोलले.

या गोष्टीला दहा वर्षं झाली. झेल्मा आता त्र्याहत्तर वर्षांची आहे आणि त्याच घरात एकटी राहते. दर गुरुवारी सकाळी ती बर्लच्या तळ्यावर जाते आणि अकरापर्यंत गळ टाकते. चौदा इंचांखालचे मासे घरी नेते, वरचे सोडून देते. गेल्या गुरुवारी तिला दोन लागले. दोन्ही लहान होते.